घरच्या चटणी-भडंगाची विक्री : नोंदणीपासून लेबलापर्यंत

सांगली-मिरजेकडे घरगुती खाद्यपदार्थांची विक्री बहुधा ओळखीतूनच सुरू होते. उन्हाळ्यात घरची वर्षाची चटणी करताना शेजारणीची दोन किलो त्यात वाढतात, पुढच्या वर्षी तिच्या पुण्यातल्या मुलाचीही मागणी येते, आणि बघता बघता मे महिनाभर कढई उतरत नाही. पैसे घेऊन दिलेली ही चटणी कायद्याच्या भाषेत अन्नव्यवसाय ठरते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 याने घरातून चालणाऱ्या उद्योगाला मोकळीक दिलेली नाही. मात्र छोट्या उत्पादकाला परवान्याऐवजी साध्या नोंदणीवर काम करता येते.

नोंदणीआधी पदार्थ ठरवावा, आणि तो एकच व कोरडा असावा. दही, पनीर किंवा ओल्या खोबऱ्याचे पदार्थ शीतपेटीशिवाय विकणे नवख्याने टाळावे. भडंग, कांदा-लसूण चटणी, शेवया, सांडगे हे आपल्याकडचे टिकाऊ पदार्थ. तरी चटणीही वाटते तितकी निर्धोक नसते. ब्याडगी रंगासाठी आणि लवंगी तिखटासाठी घेतली, मसाले नीट भाजले, तरी चटणी बिघडते ती कांद्यातल्या ओलीमुळे. वाळवून तळलेला कांदा बोटांत चुरताना कुरकुरीत मोडला पाहिजे. तो लवचीक लागला, तर पुन्हा कढईत टाकावा. खोबरे खवट नाही ना, हे प्रत्येक वाटी चाखून पाहावे. डंकावरून, म्हणजे मसाला कुटण्याच्या गिरणीवरून, आणलेली चटणी गरम असते. ती परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच भरावी, नाहीतर पिशवीत वाफ धरते आणि बुरशीला वाट मिळते. आपल्या आधी डंकावर काय कुटले गेले, हेही विचारून घ्यावे. तिथे शेंगदाण्याचा कूट झाला असेल आणि डंक नीट पुसला गेला नसेल, तर त्याचा अंश आपल्या चटणीत येतो.

नोंदणी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ या पोर्टलवर होते. 2011 च्या नियमावलीने त्यासाठी वार्षिक 12 लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला 100 रुपये शुल्क ठरवले होते. अर्ज भरताना पोर्टलवरची चालू मर्यादा आणि शुल्क पाहून घ्यावे. छायाचित्र, ओळखपत्र आणि जागेचा पत्ता एवढ्यावर अर्ज होतो. याच नियमावलीनुसार अधिकाऱ्याने सात दिवसांत नोंदणी द्यावी, कारण देऊन नाकारावी किंवा तपासणीची सूचना काढावी, अशी अपेक्षा आहे. सरकारी पोर्टलसारखी दिसणारी आणि हजारोंचे शुल्क मागणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत; मोबाइल हाताळता येणाऱ्या घरातल्या कोणालाही हा अर्ज भरता येतो, त्यासाठी एजंट लावण्याची गरज माझ्या मते नाही. मिळणारा 14 अंकी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो.

दळलेला मसाला सुटा विकण्यास मनाई आहे, म्हणून चटणी पाकिटबंदच द्यावी लागते आणि पाकीट आले की लेबल आले. पदार्थाचे नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सर्व त्यावर हवे. पाकीट एक किलोपेक्षा कमी वजनाचे असेल, तर प्रति ग्रॅम किंमतही लिहावी. ॲलर्जीची सूचना मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. भडंगातले शेंगदाणे लक्षात राहतात, पण चटणीतल्या बांधानी हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा असू शकतो, हे हिंगाची डबी उलटी करून वाचल्याशिवाय कळत नाही. ‘मधुमेहावर गुणकारी’ यासारखे दावे छापू नयेत; फसव्या जाहिरातीला या कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

वजनकाटा वैधमापन विभागाकडून पडताळून शिक्का मारून घेतलेला असावा. स्वयंपाकघरातला हौशी काटा विक्रीसाठी चालत नाही. माल आगाऊ पाकिटात भरून विकणाऱ्याला पॅकर म्हणून याच विभागाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी काम सुरू केल्यापासून 90 दिवसांची मुदत असते. बोअरचे पाणी वापरत असल्यास ते प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. भडंग वर्तमानपत्रात बांधून देण्याची जुनी सवयही सोडावी लागेल, कारण छपाईच्या शाईमुळे अन्नासाठी तो कागद निषिद्ध आहे.

पावसाळ्याचा हिशेब आपल्या भागात वेगळा धरावा लागतो. उघडा राहिलेला भडंग जुलैच्या दमट हवेत लवकर सादळतो, त्यामुळे त्या दिवसांत लहान घाणे काढावेत. कृष्णाकाठी, विशेषतः सांगलीच्या गावभागात, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्यांना माल वरच्या मजल्यावर ठेवा हे सांगायला नको, पण कोरे लेबल, पिशव्या आणि नोंदवहीसुद्धा वरच ठेवावी.

किंमत ठरवताना मिरची, तेल आणि गॅस यांचा खर्च सगळेच धरतात. डंकाची कुटाई, रिक्षाभाडे, फाटलेल्या पिशव्या आणि स्वतःची मजुरी यांकडे दुर्लक्ष होते. ती मजुरी निदान बाहेरच्या बाईला जेवढी द्यावी लागली असती तेवढी तरी लावावी. दुकानात माल ठेवण्यापूर्वी दुकानदाराचे कमिशन, उधारीची मुदत आणि न खपलेल्या मालाचे काय करायचे, हे आधीच ठरवून लिहून घ्यावे. परत आलेले प्रत्येक पाकीट बॅच क्रमांकासह वहीत नोंदवावे, आणि त्यातला माल कितीही चांगला दिसला तरी नव्या तारखेच्या पिशवीत पुन्हा भरू नये.