बोटीतला लाकडावरचा स्टोव्ह: सोलापूरहून येणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या कालव्यावर नॅरोबोट (लांबोडकी, अरुंद, आत राहता येणारी बोट) घेऊन राहायचं ठरवलं असेल, तर आधी थंडीची सोय बघा. चाळीस अंशांपारचे उन्हाळे अंगावर काढलेल्या माणसाला ऑक्टोबर ते एप्रिल विस्तव लागतो हे सांगूनही पटत नाही. इथला स्टोव्ह पंप मारायचा रॉकेलचा नव्हे. ही ओतीव लोखंडाची, काचेच्या दाराची पेटी असते. ती समजून घेताना चूल डोळ्यांपुढे आणू नका, आंघोळीचा बंब आणा. खाली जाळी, जाळीखाली राख, मधून वर जाणारं नळकांडं. नळकांडं तापलं की धूर वर ओढला जातो आणि तेवढीच हवा खालून आत शिरते. बंब मात्र अंगणात असतो. हा स्टोव्ह जेमतेम 2 मीटर रुंदीच्या बंद डब्यात, अंथरुणापासून चार पावलांवर असतो. पुढची सगळी काळजी त्यासाठीच आहे.

स्टोव्ह घेताना मोठा घ्यायचा मोह आवरा. 50-60 फुटी बोटीला 4 ते 5 किलोवॉट पुरतात. मोठ्याने बोटीत उकडायला लागतं, मग माणूस हवेची झडप बंद करतो, लाकूड जळण्याऐवजी धुमसतं आणि धुराड्यात डांबर साचतं. जुना घेत असाल तर दार बंद करताना कागदाची पट्टी मध्ये धरून ओढून बघा. सहज निघून आली तर दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी बदला. बाहेरच्या सांध्यात तडा असेल तर स्वस्त मिळाला तरी नको.

बसवण्यासाठी ब्रिटिश स्टँडर्ड 8511 वाचणारा माणूस शोधा. ते लहान बोटींतल्या अशा स्टोव्हसाठीच लिहिलेलं आहे. स्टोव्हखाली न जळणारा ओटा हवा आणि तो दारापुढे 300 मिलिमीटर तरी यावा, कारण निखारा पडतो तो दार उघडल्यावरच. स्टोव्ह ओट्याला बोल्टने आवळा. दुसरी बोट घासून गेली तरी हा जागचा हलता कामा नये.

घात होतो तो भिंतीत. नुसत्या फरशा चिकटवलेल्या प्लायवूडला फरशी वाचवत नाही, उष्णता आरपार जाते. रोज तापून ते लाकूड आतल्या आत कोळपतं आणि वर्षा-दोन वर्षांनी आधीपेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. म्हणून कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड लावा, त्याच्यामागे 25 मिलिमीटर मोकळी जागा सोडा आणि ती खालून-वरून उघडी ठेवा, म्हणजे हवा खेळेल. प्लायच्या मागे बहुतेक वेळा फोम फवारलेला असतो, तोही पेटतो. धुराड्याभोवतीचा फोम कापून तिथे रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) भरा. धुराड्याचा एका थराचा पाइप आणि लाकडात पाइपच्या व्यासाच्या तिप्पट अंतर हा घरांसाठीचा ढोबळ नियम आहे. 5 इंची पाइपला तो जवळपास 38 सेंटिमीटर होतो. बोटीत इतकी जागा क्वचितच निघते, म्हणून बोर्डाला पर्याय नाही. भिंतीपासून किती अंतर ठेवायचं, याचा आकडा स्टोव्हच्या पुस्तकातलाच धरा.

पाइप शक्यतो सरळ वर न्या. वाकण द्यावंच लागलं तर 45 अंशांपेक्षा जास्त नको. वरचा तुकडा खालच्याच्या आत बसवा, म्हणजे ओघळणारं डांबर बाहेर न गळता परत विस्तवात पडतं. सांधे फायर सिमेंट आणि दोरीने बुजवा, एक दिवस वाळू द्या, मग दोन-तीन वेळा अगदी छोटा जाळ करा. पहिल्याच दिवशी भडका केला तर सिमेंटला भेगा जातात.

जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही खूण. तेव्हा सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि 999 ला फोन करा. या वायूचा अलार्म 2019 पासून बोट सेफ्टी स्कीमच्या (बोटींच्या सुरक्षिततेची योजना) दर चार वर्षांनी होणाऱ्या तपासणीत बंधनकारक आहे. स्टोव्हपासून 1 ते 3 मीटरवर एक लावा आणि झोपायच्या जागी, आडवं पडल्यावर नाक जिथे येतं त्या उंचीवर दुसरा. थंडी वाजते म्हणून हवेच्या जाळ्यांत चिंध्या कोंबू नका. आपली माणसं पहिल्या हिवाळ्यात हमखास करतात ती हीच चूक. शेगडी तर बोटीत आणूच नका. आणि हो, चादर कितीही सोलापुरी आणि जाड असली तरी स्टोव्हवर वाळत घालायची नाही.

लाकूड 20 टक्क्यांपेक्षा कमी ओल असलेलंच हवं. आपल्याकडे मे महिन्यात बाभळीची ढलपी अंगणात टाकली की आपोआप कडक होते. इथे टपावर उघडं ठेवलेलं लाकूड पाणीच पितं. ओक वाळायला दोन वर्षं लागतात. ओल मोजायचं छोटं यंत्र घ्या. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचा, सालीवर नव्हे. इंग्लंडमध्ये 1 मे 2021 पासून कमी प्रमाणात विकलं जाणारं लाकूड ‘रेडी टू बर्न’ (म्हणजे जाळण्याइतकं वाळलेलं) शिक्क्याचं असावं लागतं, तो शिक्का बघून घ्या. रंगवलेल्या फळ्या जाळू नका. रात्रभर उबेला धूरमुक्त कोळशाचे अंडाकार गोळे चालतात, पण स्टोव्ह दोन्ही इंधनांचा असेल तरच. त्यांना हवा जाळीखालून लागते. लाकूड उलट राखेच्या थरावर छान जळतं, म्हणून राख रोज खरवडून काढू नका.

धुराडं हंगामात निदान दोनदा साफ करा. स्टोव्हच्या आत वर बसवलेली पत्र्याची आडवी पट्टी काढायला विसरलात तर सगळी काजळी तिच्यावर बसते आणि धूर उलटा आत येतो.

राख काढाल ती झाकणाच्या लोखंडी डब्यात, आणि डबा लगेच बोटीबाहेर. विझलेला दिसणारा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. भांडी घासायला लाकडाची राख चालेल, गोळ्यांची नको.