इटालिकात 'ड्रॅगनपिट' ओळखायची सोपी युक्ती
स्पेनमधल्या सेव्हियाजवळ सांतिपोन्से गावात इटालिका या रोमन शहराचे अवशेष आहेत. 'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेत जिथे मोठी बैठक भरते ते ड्रॅगनपिट (ड्रॅगन ठेवायची जुनी जागा) म्हणजे इथलंच अँफिथिएटर, रोमनांचं खेळांचं गोलाकार प्रेक्षागृह. पण मालिकेत संगणकाने इतकी भर घातली आहे की तिथे उभं राहूनही जागा ओळखू येत नाही.

१. आदल्या रात्री त्या बैठकीच्या दृश्याचे तीन-चार स्क्रीनशॉट फोनमध्ये साठवा.
२. सेव्हियाच्या प्लासा दे आर्मास बसस्थानकातून सकाळी लवकरची सांतिपोन्सेची बस पकडा. सोमवारी इटालिका बंद असतं.
३. आत गेल्यावर आधी अँफिथिएटर गाठा, मोझेइक (रंगीत तुकड्यांची फरशीवरची चित्रं) नंतर. गट येण्याआधी रिंगण जवळजवळ मोकळं मिळतं.
४. स्क्रीनशॉट जुळवताना वरच्या भिंतींकडे बघू नका, त्यातच जास्त बदल केलेले आहेत. रिंगणाच्या मधला खोल खड्डा आणि खालच्या पायऱ्या खऱ्या, त्यांच्यावरून कोन पटकन सापडतो.

स्क्रीनशॉट बाजूला ठेवून थोडा वेळ नुसते बसाही. सुमारे २५,००० माणसं बसतील एवढी ही जागा, आणि सम्राट ट्राजान याच गावचा!

सावली फार थोडी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये टोपी आणि भरपूर पाण्याशिवाय जाऊच नका.