खो-खोचं मैदान सुटल्यावर माईकवर कसं उभं राहायचं

ब्रिटनचा ग्रॅहम बेल पाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की शर्यतींत उतरला. निवृत्तीनंतर तो ‘स्की संडे’चा निवेदक झाला. हा बीबीसीचा कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. बेलची ओळख अशी की हातात कॅमेरा धरून तो स्वतः शर्यतीच्या मार्गावरून खाली यायचा, म्हणजे वळण किती तीव्र आणि बर्फ किती कडक हे घरी बसलेल्यालाही कळायचं. धाराशिव, लातूर, परभणीकडच्या ज्या खेळाडूनं खो-खो सोडला आणि आता स्पर्धेत किंवा मोबाईलवरच्या थेट प्रक्षेपणात समालोचन करायचंय, त्यानंही तेच करायचं. गडी बाद झाला हे सगळ्यांना दिसतं. तो का बाद झाला हे तुम्हाला दिसतं. तुमच्या बोलण्याचा भर त्या ‘का’वर हवा.

सामन्याच्या तासभर आधी मैदानावर जा. स्कीपटूही शर्यतीआधी मार्गाच्या कडेनं सावकाश घसरत खाली येतात, प्रत्येक वळण पाठ करतात आणि सुरुवातीला उभं राहून डोळे मिटून हातानं ती वळणं गिरवतात. तुम्ही या खुंटापासून त्या खुंटापर्यंत पाटीच्या कडेनं चाला. मैदान २७ बाय १६ मीटरचं असतं आणि दोन खुंटांमध्ये २४ मीटर अंतर असतं. खुंट हलवून पाहा. सैल असेल तर आक्रमकाचा हात खुंटावर पडतो, पण जोर मिळत नाही आणि सूर आखूड पडतो. आपल्याकडची काळी माती पाणी जास्त पडलं की तळपायाला चिकटते, आणि वाळली की तिच्यावर बारीक खडा वर येऊन पाय सटकतो. कोणता कोपरा ओला आहे ते वहीत टिपा. दुसऱ्या पाळीत तिथंच कुणीतरी घसरेल आणि ते तुम्ही आधीच सांगितलेलं असेल.

मग गुणलेखकाच्या टेबलावरून दोन्ही संघांची यादी उतरवून घ्या. नाव, पाठीवरचा क्रमांक आणि गाव. नावाचा उच्चार खेळाडूला स्वतःला विचारा, प्रशिक्षकाला नको. आयोजकांना नियमही विचारून घ्या. पारंपरिक सामन्यात पाळी ९ मिनिटांची असते, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये ती ७ मिनिटांची आहे आणि त्यात कुठल्याही दिशेनं पळू शकणारा वजीरही असतो. गावची स्पर्धा कुठल्या पद्धतीनं आहे हे पहिल्या शिट्टीआधी कळायला हवं.

वहीचं पान पाळीगणिक नवीन. डाव्या बाजूला संरक्षकांच्या तीन-तीनच्या तुकड्या, उजव्या बाजूला प्रत्येकजण किती वेळ टिकला ते. शेजारी एक पोरगा घड्याळ घेऊन बसवा. एकाच वेळी बोलणं आणि वेळ मोजणं दोन्ही चुकतं.

आता बोलण्याचं. पळती चालू असताना वाक्य लांबलं की खेळ पुढं निघून जातो. तेव्हा फक्त नाव, जागा, खो: ‘शिंदे, चौथी पाटी, खो, मागं वळली, खुंट...’ एवढंच. खरं बोलायची जागा म्हणजे तिसरा गडी बाद होऊन पुढची तुकडी आत येते ते चार-पाच सेकंद. त्यात एकच कारण सांगा. उदाहरणार्थ: संरक्षकानं खांद्याची हुलकावणी दिली, पण आक्रमकानं ती न खाता जवळच्या पाठमोऱ्या बसलेल्याला सोडून त्याच्या पुढच्या पाठमोऱ्याला खो दिला, म्हणून पळणारीचा रस्ता बंद झाला. दोन कारणं कोंबली की दोन्ही वाया जातात.

सगळ्यात जास्त गोंधळ शिट्टीवर होतो. आक्रमक खो मिळायच्या आधीच उठला किंवा उठल्यावर दिशा बदलली तर तो नियमभंग, आणि त्याच्या फायद्यानं गडी टिपला असला तरी बाद धरत नाहीत. प्रेक्षक ओरडायला लागायच्या आत हे सांगून टाका. पंचांच्या निर्णयावर मत देऊ नका. गावच्या मैदानात माईकवरचं एक वाक्य भांडण लावायला पुरतं. पण खो म्हणजे काय हे समजावत बसू नका. अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या सारिका काळे याच धाराशिवच्या. इथल्या प्रेक्षकाला खेळ कळतो.

आपल्या जुन्या संघाचा सामना आला तर पहिल्याच मिनिटाला नातं सांगून मोकळं व्हा. त्यानंतर दुसऱ्या संघाच्या चांगल्या पळतीला आधी दाद द्या. आवाजात पक्षपात आला की लोक लगेच ओळखतात.

साऊंडवाल्याला सगळ्यात आधी एको बंद करायला लावा. लग्नात तो चालतो, इथं आडनावं एकमेकांत मिसळतात. माईक तोंडापासून चार बोटं दूर आणि किंचित तिरका धरा. सरळ धरला की प, फ, भ फुटतात. तुम्ही भोंग्याच्या पुढं उभे राहिलात तर माईक शिट्टी मारणार, म्हणून नेहमी भोंग्याच्या मागं राहा. पहिल्याच सामन्यात ओरडू नका. दिवसभरात सहा-सात सामने असतात, सामना पाऊण तासाच्या वर जातो, आणि अंतिम सामन्याला घसा लागतो.

प्रक्षेपण मोबाईलवरून असेल तर ७२० पी पुरेसं आहे. ३ एमबीपीएसच्या वेगानं तासाला साधारण १.३५ जीबी डेटा जातो, म्हणजे रोजच्या २ जीबीच्या पॅकवर दीड तासात खेळ खल्लास. दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवा. दुपारी रिकाम्या मैदानात नेटवर्क तपासून काही कळत नाही, कारण रात्री दोन हजार माणसं त्याच टॉवरवर येतात. मोबाईल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, मधल्या पाटीच्या समोर, सूर्य पाठीमागं येईल असा लावा आणि त्याचं कव्हर काढा, नाहीतर ऊन लागून तो बंद पडतो. रात्रीच्या दिव्यांत चित्र लुकलुकत असेल तर शटर १/५० किंवा १/१०० करा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. जनरेटरवर भार वाढला की तो आकडा घसरतो आणि लुकलुक परत येते. तेव्हा दिव्यांसाठी वेगळा जनरेटर मागा.

मानधन आणि जेवण आधी ठरवून घ्या. घरी आल्यावर एक पाळी ऐका आणि ‘आणि या ठिकाणी’ किती वेळा आलं ते मोजा. पुढच्या स्पर्धेत ते निम्म्यावर आणा.