पुण्यात परत आलात आणि दुर्बीण घ्यायचीये? थांबा जरा

परवा गच्चीवर डी विंगमधले नवीन आलेले एक जण भेटले, डॅलसहून येऊन दोनच महिने झालेत, आणि ओळख होते न होते तोच म्हणाले, "अहो ताई, इथले दुकानदार लुटतात हो, हीच दुर्बीण तिकडे निम्म्या किमतीत मिळते." मला हसूच आलं. २०१२ मध्ये न्यू जर्सीहून आल्यावर मी हेच बोलले होते, तेही दुकानात उभं राहून, डॉलरचे रुपये करून फोन दुकानदाराच्या नाकासमोर धरून. त्यानं शांतपणे चहा मागवला (दुपारचा एक वाजत आला होता, तरीही!) आणि इम्पोर्टरचं बिल काढून पुढ्यात ठेवलं. तेव्हा तर पुण्यात जकात पण होती. मी चहा पिऊन गुपचूप घरी.

म्हणून नवीन आलेल्यांना पहिलं सांगणं, तिकडच्या वेबसाइटवरचा भाव आणि इथली एमआरपी शेजारी ठेवूच नका. तिकडचा भाव टॅक्स सोडून असतो, न्यू जर्सीत त्यावर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स वेगळा लागतो, आणि आपण नेमका थँक्सगिव्हिंगच्या सेलमधला भाव डोक्यात घेऊन आलेलो असतो. इथली एमआरपी सगळे टॅक्स धरून. म्हणजे तुलनाच चुकीची.

आता स्वतः मागवायचं म्हटलं तर काय होतं ते बघा. १०,००० रुपयांचा आयपीस (दुर्बिणीला डोळा लावतो तिथलं सुटं भिंग), विमानाचं भाडं ३,०००. ड्युटी नुसत्या वस्तूवर नाही, वस्तू अधिक विमा अधिक भाडं यावर लागते. त्यातल्या त्यात बरं म्हणजे विमानानं आलं तर भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, आणि विम्याचा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के धरतात. म्हणजे कस्टमच्या हिशेबात आपली वस्तू झाली साधारण १२,१०० ची. समजा ड्युटी २० टक्के, झाले २,४२०. त्या ड्युटीवर १० टक्के सोशल वेलफेअर सरचार्ज, २४२. आणि मग या सगळ्या बेरजेवर, म्हणजे १४,७६२ वर, समजा १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), आणखी २,६५७. टॅक्सवर टॅक्स म्हणतात तो हाच. एकूण ५,३०० च्या वर टॅक्स, ३,००० भाडं, कुरिअरवाला कागदपत्रांचे घेतो ते वेगळे, १०,००० ची वस्तू १८,००० च्या पुढे गेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. (दर मी समजा म्हणून धरलेत हां, ते वस्तूप्रमाणे वेगळे असतात आणि बजेटमध्ये हलतात, मागवायच्या आधी त्या दिवसाचा दर बघा.)

"मग भावाला सांगतो गिफ्ट म्हणून पाठव." हे ऐकलं की मी कपाळावर हात मारते, कारण हा शहाणपणा मी स्वतः केलाय. ५,००० रुपयांपर्यंतची गिफ्ट आधी ड्युटीशिवाय यायची, ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं तेवढी सोडली. माझ्या मावसभावानं २०२० मध्ये आयपीसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात गिफ्ट लिहून पाठवलं. खोकं अडकलं, केवायसी मागितली, आधार पाठवलं, पावती मागितली, ती याच्याकडे नाही कारण गिफ्टची पावती कोण ठेवतं, आणि शेवटी जे भरलं त्यात तोच आयपीस इथं वॉरंटीसकट आला असता.

दुकानदाराची बाजू पण ऐका. इथं क्रिकेटची बॅट घेणारे लाखो, टेलिस्कोपचा इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांच्या मागोमाग फिरणारा स्टँड) घेणारे किती? इम्पोर्टर मोजकेच नग मागवतो, पैसे आधी भरतो, माल बोटीनं न्हावा शेव्याच्या बंदरात उतरणार, मग गोडाऊनमध्ये पडून राहणार, तेवढे दिवस पैसे अडकलेले. तो सगळा खर्च त्या मोजक्या नगांवरच निघतो. मार्जिन घेतच नाहीत असं मी म्हणणार नाही, काही जण चांगलंच घेतात, पण भाव दुप्पट दिसतो तो केवळ त्यामुळे, हे काही खरं नाही.

मग करायचं काय? लहान आणि महाग ते बॅगेतून आणा, मोठं आणि जड ते इथं घ्या. सव्वा इंची आयपीस आजच्या बहुतेक दुर्बिणींना बसतो, मोज्यात गुंडाळून हँडबॅगेत येतो. ट्यूब आणि माउंट इथलेच बरे, बिघडलं तर परत कुठं पाठवणार? दुर्बीण फिरवणारी मोटर तिकडून आणलीत तर अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा, माझा फक्त ११० चा होता, इथं एकदाच लावला आणि गेला. बॅगेतल्या सामानाला ड्युटीची सूट २०१६ च्या नियमात माणशी ५०,००० रुपयांची होती, हा आकडा बदलतो, निघायच्या आधी कस्टमच्या साइटवर बघा आणि सूट ओलांडत असेल तर सरळ डिक्लेअर करा. दोन वर्षं किंवा जास्त राहून कायमचे येत असाल तर ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची वेगळी सवलत आहे, आम्ही ते कागद वाचलेच नव्हते, घरी येऊन हळहळलो. आणि मुलासाठी ड्रोन अजिबात नको, फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली.

खरं तर पहिले सहा महिने काहीच घेऊ नका. टिळक रोडला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही आकाश बघणाऱ्या हौशी लोकांची संस्था आहे, १९४४ पासूनची, तिथं जा, दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून बघा. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बीण बनवायच्या कार्यशाळा होत आल्यात, तिथं आरसा स्वतः घासायला शिकवतात. बाणेरच्या गच्चीवरून शनी दिसतो, पण आकाशगंगा बघायची तर शहराच्या उजेडापासून लांब वेल्ह्याकडे गाडी काढावीच लागते, हे कळेपर्यंत तुम्हाला कुठली दुर्बीण हवी हेच बदललेलं असतं.

आणि घेतलीतच तर जूनच्या आत स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा आणि निळं सिलिका जेल आणून ठेवा. दाणे गुलाबी झाले की ओल भरली समजायचं, तव्यावर मंद आचेवर गरम केले की परत निळे. माझ्या एका आयपीसच्या आत पहिल्याच पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आली, तो अजून कपाटात पडून आहे, टाकवतही नाही.