घरी बदकाची पिल्लं काढताय? इंदूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

पिल्लं निघाली नाहीत की सगळे आधी अंडी उबवायच्या मशीनला नावं ठेवतात, पण बऱ्याचदा गडबड अंडी घरात यायच्या आधीच झालेली असते. अंडी कोणाची आहेत, आईबाप कसे होते, हे कोणी विचारतच नाही. सगळ्यात मोठी चूक हीच.

डोक्यावर गोंड्यासारखा तुरा असलेलं बदक बघितलंय ना? दिसतं गोड, मान्य. पण तो तुरा येतो कवटीतल्या दोषामुळे, तिथलं हाड नीट जुळत नाही आणि कितीतरी बदकांच्या मेंदूत चरबीची गाठ असते, मग तोल जाणं, मान वाकडी होणं, झटके येणं असले त्रास सुरू होतात. आणि आईबाप दोघंही तुरेवाले असतील तर पिल्लाला दोन्हीकडून तो जीन मिळायची शक्यता 25 टक्के असते, अशी पिल्लं अंड्यातच मरतात. तुम्ही टेंपरेचर कितीही सांभाळा, ती वाचणारच नाहीत. म्हणून तुरेवाल्या जोडीची अंडी घेऊच नका, मी तर म्हणेन एक तुरेवाला आणि एक साधा अशी जोडीपण नको, कारण त्यातली साधारण अर्धी पिल्लं तुरा आणि त्यासोबतचा धोका घेऊनच जन्मतात.

कॉल डक या छोट्या बदकाच्या जातीचं पण तसंच आहे. छोटी चोच, गोल डोकं हवं म्हणून पिढ्यानपिढ्या निवडत गेले आणि आता त्या आखूड चोचीनं कवच फोडायलाच जड जातं, मग माणूस हातानं मदत करतो, ते पिल्लू मोठं होऊन परत अंडी देतं आणि पुढच्या पिढीलाही मदत लागते. पहिल्यांदा करत असाल तर या वाटेला जाऊच नका.

आता इथला उन्हाळा. एप्रिल-मेमधे पारा 40 च्या वर जातो आणि लोक अंडी किचनच्या ओट्यावर ठेवून देतात. साधारण 21 डिग्रीच्या वर अंड्यात हळूहळू वाढ सुरू होते, ती अर्धवट होते आणि गर्भ मरतो. फ्रिजपण नको, फार थंड पडतो. 13 ते 16 डिग्री चांगलं, टोकदार बाजू खाली, आणि आठवड्याच्या आत मशीनमधे. एवढी थंड जागा नसेल तर उन्हाळ्यात अंडी साठवू नका, आली तशी लावा.

पंखेवाल्या मशीनमधे 37.5 डिग्री लागतं. पण खोलीच 41 वर गेली तर मशीन करणार काय, त्याला गरम करता येतं, थंड नाही! वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली मशीन ठेवू नका, खालची सावलीची खोली बघा. कूलर चालू असेल तर त्याचा झोत मशीनवर नको. आणि लाइट जाते हे धरूनच चला, इन्व्हर्टर असू द्या.

ह्युमिडिटी पहिले 25 दिवस 55 टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस 70 च्या वर. पिल्लं निघायला 28 दिवस लागतात, मस्कोव्ही जातीच्या बदकाला 35. मीटरवर फार विसंबू नका, वजनकाटा घ्या. 25 व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण 12 ते 14 टक्के कमी व्हायला हवं, म्हणजे 70 ग्रॅमचं अंडं 60-61 वर. मेच्या कोरड्या हवेत वजन भराभर उतरतं, पिल्लू आतल्या पडद्याला चिकटून अडकतं. पावसाळ्यात उलटं, वजन उतरतच नाही, पिल्लू फुगलेलं राहतं आणि आतच गुदमरतं, तेव्हा ट्रेमधलं पाणी कमी करा.

फट पडली की हात लावू नका. पहिल्या फटीपासून बाहेर यायला 24 ते 48 तास लागू शकतात, तेवढ्यात पिल्लू पिवळा बलक पोटात ओढून घेतं आणि पडद्यातलं रक्त परत अंगात जातं. घाईनं एक तुकडा काढलात आणि पडद्यावर लाल शिरा दिसल्या, एखादा थेंब आला, तर लगेच थांबा.

निघाल्यावर वर्तमानपत्रावर ठेवू नका, पाय फाकतात, खरखरीत मॅट घाला. पाणी नाकपुड्या बुडतील इतकंच, टबात सोडू नका, आईच्या अंगाचं तेल मिळालेलं नसतं, भिजून गारठतात. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य (स्टार्टर) दिलंत तर नायसिन, म्हणजे बी-3 जीवनसत्त्व, कमी पडतं, बदकाला किलोमागे 55 मिलिग्रॅमच्या आसपास हवं, नाहीतर पाय वाकडे होतात आणि पिल्लू बसूनच राहतं. नायसिनसाठी खाद्यात ब्रुअर्स यीस्ट (यीस्टची पावडर) मिसळा.

खाकी कॅम्पबेल ही बदकाची जात वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते, पण जास्त अंड्यांसाठी निवडत गेल्यानं तिचं खुडूक बसणंच गेलं, म्हणून तर आपल्याला मशीन लागतं. सतत अंडी घालून कॅल्शियम संपतं, अंडं अडकतं, मागचा भाग बाहेर येतो, शिंपल्याचा चुरा कायम समोर ठेवा. पेकिन जातीचं बदक तर वजनासाठीच वाढवलेलं, पायांवर ताण येतो, तळव्याला गाठी होतात, म्हणून त्याला भरमसाठ खाऊ घालू नका. एखादी मादी जोर करतेय आणि अंडं येत नाहीये असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, पक्षी तपासणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, इंदूरजवळ महूला व्हेटर्नरी कॉलेज आहे. आणि अशा मादीची अंडी पुढे पिल्लांसाठी लावू नका.