निशी-कासाईत घर घेताय? आधी गॅस विचारा

पुण्याहून तोक्योला येणारी मुलं मला हमखास विचारतात, "ताई, निशी-कासाईत घर कसं मिळेल?" अकरा वर्षं इथल्याच एका दांचीत, म्हणजे उंच इमारतींच्या वसाहतीत काढलीत, म्हणून सांगते.

आधी यूआरच्या ऑफिसात जा. ही घरं भाड्याने देणारी सरकारी संस्था. जामीनदार नको, दलाली नको, घरमालकाला द्यायचं ते परत न मिळणारं 'रेइकिन' पण नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट भरायचं आणि उत्पन्न दाखवायचं. साधारण भाड्याच्या चौपट पगार हवा. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना संगणकातल्या तारखांचा घोळ निस्तरण्याच्या कामाला आलेले आपले इंजिनिअर इथे रुजले ते याच सोयीमुळे, शिवाय तोझाई लाइन या मेट्रोने ऑफिसं जवळ. २०१९ मध्ये तर आपले योगेंद्र पुराणिक एदोगावा वॉर्डाच्या (निशी-कासाई यातच येतं) सभेवर निवडून आले.

मजला निवडताना हुरळून जाऊ नका. भूकंप झाला की लिफ्ट आपोआप थांबते. मी नवव्या मजल्यावर दहा किलो तांदूळ चढवलेत, पाय दोन दिवस बोलत होते. पण अगदी खालीही नको. वॉर्डाचा बराच भाग समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ च्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर वॉर्डानेच छापलं होतं, 'इथे थांबू नका'. मला विचाराल तर चौथा ते सहावा.

आता मुद्द्याचं. घर रिकामं मिळतं म्हणजे खरंच रिकामं: बहुतेक घरांत दिवे नाहीत, पडदे नाहीत, शेगडीही नाही. भारतात परतणाऱ्या एका मैत्रिणीची शेगडी मी स्वस्तात उचलली. ती राहायची तिथे सिलिंडर होता, आमच्याकडे पाइपचा गॅस. गॅसवाल्याने बाजूचं लेबल वाचलं, दोन्ही हातांची फुली केली आणि म्हणाला, "दामे," म्हणजे चालणार नाही. तीन दिवस राइस कुकरमध्ये खिचडी. तेव्हा शेगडीवर '१३ए', म्हणजे इथल्या पाइपच्या गॅसची खूण, लिहिलेलं बघा, मगच पैसे द्या. गॅस सुरू करायला माणूस येतो, त्याची वेळ आधी ठरवा आणि घरी थांबा.

बाल्कनीत शेजाऱ्याच्या बाजूला पातळ फळी असते. आग लागली तर लाथेने फोडून पळायला. तिथे कांद्याची पोती रचू नका.

पत्ता चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात नोंदवा. आणि कुकर सकाळी सातच्या आधी लावू नका. तोंडावर कोणी काही बोलत नाही. लिफ्टपाशी आवाजाबद्दलची सूचना लागते, कुणाचंही नाव नसलेली, आणि अख्खी इमारत ओळखते शिट्ट्या कुणाच्या ते.