जुन्या कंप्युटरवरच्या फाइली नव्यावर नेताना

या कामात कॉपी-पेस्ट हा सगळ्यात सोपा भाग. फाइली राहून जातात त्या बहुतेक वेळा त्या कुठे आहेत हेच ठाऊक नसल्यामुळे. म्हणून केबल जोडण्याआधी तासभर शोधाशोधीला द्या.

काय काय न्यायचं

विंडोजमध्ये सी ड्राइव्ह, त्यात 'यूजर्स', त्यात तुमच्या नावाचा फोल्डर. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज हे सगळं इथे असतं. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर मात्र डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स अनेकदा त्याच्या फोल्डरच्या पोटात गेलेले असतात. तिथे फाइलशेजारी ढगाचं चिन्ह दिसलं तर ती फाइल डिस्कवर नाहीच, फक्त तिचं नाव दिसतंय. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.

मग 'व्ह्यू' मेनूतून 'हिडन आयटम्स' चालू करा. आता 'अ‍ॅपडेटा' नावाचा फोल्डर दिसेल. तो अख्खा उचलून नव्या कंप्युटरवर टाकू नका, जुन्या-नव्या सेटिंग्जची सरमिसळ होऊन प्रोग्रॅम बिघडतात. त्यातलं नेमकं हवं तेवढंच घ्या. आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅमच्या पीएसटी फाइली, म्हणजे कंप्युटरवरच साठवलेले मेल, कधी इथे, कधी डॉक्युमेंट्समध्ये असतात. सर्चमध्ये पीएसटी हे एक्स्टेन्शन टाकून त्या शोधा. ओएसटी फाइली सोडून द्या, त्या सर्व्हरवरच्या मेलची नुसती प्रत असतात आणि तिथूनच पुन्हा तयार होतात.

हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा डेटा कुठे साठतो ते त्याच्याच सेटिंग्जमध्ये पाहा. बऱ्याचदा तो यूजर्सच्या बाहेर, थेट सी ड्राइव्हवर असतो. फोल्डर कॉपी कराच, पण सॉफ्टवेअरमधली बॅकअपची सोय वापरून वेगळी प्रतही घ्या.

मराठी मजकुराच्या जुन्या फाइली असतील तर फाँट विसरू नका. कृतिदेव, श्रीलिपी अशा युनिकोड नसलेल्या फाँटांत टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या कंप्युटरवर निव्वळ रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइल खराब झालेली नसते. फाँट टाकला की मजकूर परत येतो. फाँट 'विंडोज' फोल्डरातल्या 'फाँट्स'मध्ये, किंवा अ‍ॅपडेटातल्या लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज या वाटेने जाऊन मिळणाऱ्या 'फाँट्स'मध्ये असतात.

ब्राउझरचे बुकमार्क एचटीएमएल फाइल म्हणून एक्स्पोर्ट होतात. पासवर्डची सीएसव्ही फाइल निघते, पण ती कुणालाही उघडून वाचता येते. इम्पोर्ट झाल्याबरोबर दोन्ही कंप्युटरांवरून आणि ड्राइव्हवरून ती उडवा, रिसायकल बिनमधूनही.

प्रोग्रॅम मात्र असे नेता येत नाहीत. 'प्रोग्रॅम फाइल्स'मधला फोल्डर उचलून उपयोग नाही, कारण त्याच्या निम्म्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, असतात. इन्स्टॉलर आणि लायसन्स की यांची यादी करा आणि नव्याने टाका.

कशावरून न्यायचं

आमची पसंती एक्स्टर्नल एसएसडीला, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान ड्राइव्हला. यूएसबी २.० पोर्टवर प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३०-४० एमबी मिळतो, म्हणजे २०० जीबीला साधारण दीड तास. यूएसबी ३ वर साधी एक्स्टर्नल हार्डडिस्कसुद्धा १०० एमबीच्या आसपास जाते आणि तेच काम सुमारे अर्ध्या तासात होतं. हा हिशेब मोठ्या फाइलींचा. हजारो बारीक फाइली असतील तर वेग फार पडतो, तेव्हा घाबरून मध्येच बंद करू नका.

ड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही, मग जागा कितीही मोकळी असो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवून. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतो.

कॉपी करताना

लॅपटॉप चार्जरला लावा, स्लीप बंद करा. आउटलुक आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद करा, कारण उघडी फाइल कॉपी होत नाही. ड्राइव्हवर अगदी वरच छोट्या नावाचा फोल्डर करा, उदाहरणार्थ 'जुना'. फोल्डरात फोल्डर करत पूर्ण पाथ (ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पत्ता) २६० अक्षरांच्या आसपास पोचला की एक्सप्लोरर अडतो. आणि नेहमी कॉपी करा, कट कधीही नाही: मध्येच वीज गेली तर काय कुठे राहिलं ते शोधत बसावं लागतं.

एखादी फाइल अडली तर 'स्किप' दाबण्याआधी तिचं नाव लिहून ठेवा. शेवटी ड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच काढा.

ताडून पाहायला दोन्हीकडच्या फोल्डरांच्या 'प्रॉपर्टीज' उघडा. फाइलींची संख्या आणि 'साइज'मधले बाइट जुळले पाहिजेत. 'साइज ऑन डिस्क' जुळला नाही तरी चालतं, तो ड्राइव्हच्या फॉरमॅटनुसार बदलतो. त्यानंतर मधल्या-मधल्या दहा-बारा फाइली प्रत्यक्ष उघडून पाहा.

जुना कंप्युटर सुरूच होत नसेल तर

डिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरला लावा. अडीच इंची साटा डिस्क (साटा हा डिस्क जोडण्याचा एक प्रकार) यूएसबीच्या विजेवर चालते, साडेतीन इंचीला वेगळा वीजपुरवठा लागतो. डिस्कऐवजी एम.२ कार्ड (च्युइंगगमच्या पट्टीसारखी छोटी एसएसडी) असेल तर ते एनव्हीएमई या प्रकारचं आहे की साटा ते पाहून त्याच प्रकारची यूएसबी पेटी घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावलेला असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते. जुन्या नावाचा फोल्डर परवानगी नाकारतो तेव्हा 'कंटिन्यू' दाबून थांबा. डिस्क खट्खट् आवाज करत असेल तर दुरुस्तीचे प्रोग्रॅम अजिबात चालवू नका. अत्यंत महत्त्वाचा फोल्डर आधी उतरवा, आणि तोही जमत नसेल तर डिस्क बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्या. प्रत्येक नव्या प्रयत्नात ती आणखी खराब होते.

जुना कंप्युटर लगेच पुसू नका. महिनाभर तसाच ठेवा, राहिलेलं काहीतरी त्या काळात आठवतं. मग पैसे भरून घेतलेल्या प्रोग्रॅमांची लायसन्स त्याच्यावरून आधी काढून घ्या आणि 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून 'क्लीन डेटा'चा पर्याय चालू करा.